आडवी रेघ

प्रमाणपत्र आलं, पण आडनाव चुकवून.
ऊर्ध्वरेषेचं उद्धवरेशे झालंय.
नवरा म्हणाला, चलेगा यार, कोण वाचतंय!
सहा पिढ्या इंदुरात काढल्या की
हा ‘चलेगा’ मराठीतच येतो तोंडात.

मी मात्र दीड वर्ष
ह्याच एका शब्दाविरुद्ध अभ्यास केला,
राजेंद्रनगरच्या गॅलरीत, पहाटे,
कचऱ्याची गाडी गात यायच्या आत.
ओला वेगळा, सुका वेगळा,
आणि माझ्या वहीत
दोष वेगळा, कारण वेगळं.
शेहेचाळिसाव्या वर्षी सरासरी, विचलन, नियंत्रणरेषा.
मुलगी उत्तरं तपासायची
आणि समासात लाल शाईनं लिहायची: का?

सांवेर रोडवर आमचा कारखाना.
लौंग सेव, रतलामी, खट्टा-मीठा.
माझ्या टेबलावर काटा, ओलावा मोजायचं यंत्र,
तारखा चिकटवलेल्या तेलाच्या बाटल्या.
पोरवालशेठ म्हणायचे,
मॅडम, पास हो गईं तो बोर्ड पे नाम लगाऊँगा.

परीक्षा विजयनगरला, काचेच्या इमारतीत.
घड्याळ काढून घेतलं, अंगठी, केसांतली पिनसुद्धा.
दीडशे प्रश्न.
सत्त्याऐंशीवा अजून पाठ आहे:
माल परत आला, कामगारानं चूक कबूल केली,
आता व्यवस्थापकानं काय करावं?
पर्याय चार होते.
मला पाचवा दिसत होता:
बद्रीलाल, कढईपाशी, बनियनवर,
बेसनानं माखलेले दोन्ही हात जोडून.

उज्जैनहून परत आलेल्या नव्वद पेट्या. खवट.
‘कारण’ ह्या रकान्यात मी लिहिलं होतं
कढईवाल्याचा निष्काळजीपणा.
दोनच शब्द, खाली सही.
माझी सही सुरेख आहे, सगळे म्हणतात.
त्याचे अकरा दिवसांचे पैसे कापले.
बाराव्या दिवशी तो आला नाही.

पहिल्या ‘का’शी थांबू नये,
पुस्तकात एवढंच होतं.
मी थांबले होते,
जेवणाची सुट्टी होत आली होती म्हणून.

परीक्षेनंतरच्या सोमवारी
भांडारातून तो जुना थर्मामीटर शोधून काढला,
उकळत्या पाण्यात धरला.
ब्याऐंशी.
पाणी खदखदतंय आणि हा म्हणतोय ब्याऐंशी.
त्याची तपासणी त्या वेळी
चार महिने उलटून गेली होती.
तक्ता भिंतीवरच होता,
जबाबदार व्यक्ती: हेमांगिनी ऊर्ध्वरेषे.
ऱ्हस्वदीर्घासकट शुद्ध.

पर्याय ‘क’ बरोबर होता म्हणे. एक गुण मिळाला.

नोंदवहीत खाडाखोड करायची नसते,
व्हाइटनर तर पापच.
चुकीवर एकच आडवी रेघ ओढायची,
खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला खरं लिहायचं. सही. तारीख.
ओढली.
दोन वर्षं जुन्या पानावर ती
जरा थरथरलेलीच आली.
पोरवालशेठ बघत होते, म्हणाले,
अब इसका क्या फायदा?
बोर्डावरची जागा अजून रिकामी आहे.
आडनावाच्या दुरुस्तीचा अर्जही पडलाय तसाच.

बद्रीलाल आता मल्हारगंजात गाडी लावतो.
त्या पानाचा फोटो पुढे केला
तर म्हणाला, चष्मा नहीं है.
मग मी वाचून दाखवलं,
नवं लिहिलेलं,
आणि रेघेखालचंसुद्धा, कारण ते वाचता येत होतं.
मागे रिक्षावाला भोंगा वाजवत होता.

त्यानं सेवेची एक तार तेलात सोडली.
बुडाली, सावकाश वर आली.
अभी नहीं, म्हणाला.
तेलाला म्हणाला की मला, कळलं नाही.

मी थांबले.
शंभर ग्रॅम मागितली.
त्यानं तोलून दिली,
काटा स्थिर होईपर्यंत हात मागे घेऊन.
तारेचा एक तुकडा जास्त झाला होता,
तो चिमटीत उचलून
परत परातीत टाकला.